एकोणसाठ

प्रश्न वाचून पुरा व्हायच्या आत नवऱ्याने उत्तर दिलं. तेही बरोबर होतं. बायकोने सरावाचं पुस्तक जेवणाच्या टेबलावर पालथं टाकलं.

"मला एकदा सांगाच," ती म्हणाली. "परीक्षेच्या खोलीत शिरलात की हे सगळं जातं कुठे?"

नवरा चष्मा पुसत बसला. घरं विकण्याच्या परवान्याची परीक्षा त्याने तीनदा दिली होती आणि तिन्ही वेळा तो आपटला होता. शंभर प्रश्न, पास व्हायला साठ मार्क. पहिल्यांदा घरी येऊन म्हणाला, एका मार्काने गेलं. दुसऱ्यांदाही एका मार्काने गेलं. तिसऱ्यांदा तो दारात बूट काढत असतानाच तिने विचारलं, "एकच ना?" आणि त्याने खाली बघत मान हलवली.

ती शाळेत गणित शिकवायची. ज्यांना येत नाही अशा मुलांवर ती कधी चिडली नव्हती. येत असून घोटाळे करणाऱ्यांपुढे मात्र तिने हात टेकले होते, आणि आता तसलाच एक नमुना घरात निघाला होता, वय वर्षं सेहेचाळीस. वर्षभर ती त्याला घेऊन बसत होती. भाजी चिरताना मालकी आणि ताबा यांतला फरक, कपड्यांच्या घड्या घालताना करार कधी रद्द होतो ते. ऐकून ऐकून तिचंच पाठ झालं होतं. त्याने तर पुस्तकातल्या छपाईच्या चुकासुद्धा पेन्सिलने दुरुस्त करून ठेवल्या होत्या.

त्यात तिच्या भावाची घाई. नवरा नऊ वर्षं भावाच्याच ऑफिसात कागदपत्रं सांभाळत होता. तिथला परवाना असलेला विक्रेता वर्षापूर्वी सोडून गेला होता, आणि परवाना असलेल्या माणसाची सही असल्याशिवाय घर विकता येत नव्हतं. भावाची नवी इमारत रंग लावून उभी होती. बाहेरचा कोणी नको, घरचाच माणूस हवा, असा त्याचा हट्ट. दर रविवारी फोन करून विचारायचा, "जावईबापूंची गाडी कुठवर आली?" त्या 'जावईबापू'मधली टोचणी तिला बरोबर कळायची.

चौथ्यांदा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती.

"मी भरतो ना संध्याकाळी," नवरा म्हणाला.

"तुमची संध्याकाळ मला माहीत आहे." तिने लॅपटॉप पुढे ओढला. पासवर्ड विचारायची गरज नव्हती. घरात कशालाही पासवर्ड लागला की तो तिची जन्मतारीख टाकायचा.

"अगं, राहू दे. मी भरतो म्हटलं ना," तो पुन्हा म्हणाला आणि खुर्चीतून अर्धा उठला.

ती तोवर परीक्षेच्या वेबसाइटवर त्याच्या खात्यात पोचली होती. फॉर्मच्या वरतीच त्याच्या जुन्या परीक्षांचे तीन निकाल होते. कुठल्या भागात घोडं अडतं ते तरी बघावं, म्हणून तिने पहिला उघडला. मग दुसरा. मग तिसरा. नंतर परत पहिला.

सोडवलेले प्रश्न एकोणसाठ. बरोबर एकोणसाठ. चूक शून्य. कोरे एक्केचाळीस.

तिन्ही वेळा हेच.

"एक्केचाळीस प्रश्न तुम्हाला येत नव्हते?" तिने विचारलं.

"येत होते."

"मग?"

तो परत खाली बसला. "पास झालो की त्या नव्या इमारतीच्या कागदांवर मला सही करावी लागेल. मंजुरी पाच मजल्यांची आहे. बांधलेत सात. वरच्या दोन मजल्यांवर जे घर घेतील ते कधीतरी रस्त्यावर येतील. आणि त्यांच्या कागदावर माझं नाव असेल."

"दादाला हे तोंडावर सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर भाऊ एकीकडे, नवरा एकीकडे आणि मधे तू. नापास झालेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही."

तिने पडद्यावरच्या एकोणसाठवर बोट ठेवलं. "तसंच करायचं होतं तर दहा-वीस सोडवून उठायचं. एकोणसाठ कशाला?"

नवरा ओशाळला. "तू इतकी जीव तोडून शिकवत होतीस. दहा मार्क घेऊन तुझ्यासमोर कसा उभा राहणार?"

तिने निकाल बंद केले. फॉर्म भरायला घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख. केंद्र तेच. शेवटचं बटण दाबून तिने लॅपटॉप मिटला.

"अगं, काय केलंस हे?"

"या वेळी शंभरच्या शंभर सोडवायचे," ती म्हणाली. "परवाना तुमच्या नावाचा असतो, दादाच्या ऑफिसचा नाही. त्याने काढून टाकलं तर दुसरीकडे बघू. माझा पगार आहे तोवर."

तेवढ्यात फोन वाजला. रविवारचाच फोन होता. नवऱ्याने हात पुढे केला, पण तिने आधी उचलला आणि पलीकडून जावईबापूंची चौकशी सुरू व्हायच्या आत बोलली.

"दादा, हे या वेळी पास होतील. पण तुझ्या कागदांवर सही करणार नाहीत. का, ते तुला आधीपासून माहीत आहे. मला आज कळलं."