प्रमाण दिवा

जमिनीखालच्या वसाहतीत ऊन म्हणजे छताचे एलईडी. दरवर्षी त्यांचा रंग स्पेक्ट्रोमीटरने मोजून प्रमाण दिव्याशी, म्हणजे खऱ्या उन्हाच्या रंगाच्या नमुना दिव्याशी, जुळवला जाई. केरबा थोरवे एकटेच वर, जमिनीवर वाढलेले. ‘ऊन असं निळसर नसतं,’ असं ते म्हणतच राहिले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना भ्रमावरच्या गोळ्या सुरू केल्या.

यंदा तंत्रज्ञ वैजयंतीला सीलबंद पेटीत दुसरा प्रमाण दिवा सापडला. ताडून पाहिलं, तर जुनाच सतत जळून निळा पडत गेला होता. वसाहतीचा पहिला दिवा, म्हणून मानाने तो वीस वर्षं कुणी विझवलाच नव्हता.

तिने छत दुरुस्त केलं आणि केरबांचं दार ठोठावलं. “काका, तुमचंच बरोबर होतं. बघा.”

भिंतीवर पिवळं ऊन पडलं होतं. केरबांनी ते डोळे भरून पाहिलं आणि गोळ्यांची बाटली उघडली.

“आज भास जरा जास्तच होतोय, पोरी,” ते म्हणाले.