करवतीची वाटणी

कोपरीतल्या लिओनार्ड आणि ब्रँडन या सख्ख्या भावांनी घर वाटून घेतलं, तेव्हा ज्या पेट्रोलच्या करवतीने दोघं मिळून झाडं कापायचे तीही सोडली नाही. मशीन थोरल्या लिओनार्डकडे गेली, चेन धाकट्या ब्रँडनकडे. तेव्हापासून दर पावसाळ्यात एक जण टाकी रिकामी करून मशीन गोणपाटात गुंडाळायचा, दुसरा चेनच्या दातांना कानस मारून ती तेलात बुडवून ठेवायचा. बोलणं मात्र बंद.

काल मधल्या भिंतीवरून पेटलं. ब्रँडनने फावड्याच्या दांड्याने लिओनार्डची भुवई फोडली. लिओनार्डने विटेने त्याचे दोन दात पाडले, तेवढ्यावर न थांबता घरात धावत जाऊन मशीन बाहेर आणली, टाकीत पेट्रोल ओतलं आणि दोरीला असा हिसडा दिला की अख्खी गल्ली दचकली.

"उभा चिरतो आज तुला!"

मशीन धडधडत होती, पण चेन बसते ती पट्टी नागडीच. लिओनार्ड जुन्या सवयीने ओरडला, "ब्रँडन, चेन आण रे!"

तोंडातलं रक्त थुंकून ब्रँडन आत गेला आणि चेन घेऊन आला.



"आधी मशीन बंद कर, लिओ. आणि सरक. तू चेन कायम उलटी बसवतोस."