माटोळीतला नारळ

"माझे हात दुखतत म्हणान काय झाला गो बाय? माटोळी बांधूक घेतली काय दरवर्सा दुखतत," मेजावर उभे असलेले कृष्णनाथ सुनेला म्हणाले आणि छताला टांगलेल्या लाकडी चौकटीवरून त्यांनी नारळांच्या जोडीची दोरी पलीकडे टाकली.

गौरवीने वर पाहिलं. चवथीची सकाळ, पंखा गरगरतोय आणि सासऱ्यांचा सदरा पाठीला चिकटलेला. चौकटीला कवंडळं, आंबाडे, सुपारीचे घोस सगळं रांगेने लागलं होतं. गणपतीच्या डोक्यावर बांधायची ही माटोळी पुरी व्हायला आता एवढे नारळच राहिले होते. मये गावातल्या त्या वाड्यावर चवथीला खांदा दुखण्याला कुणी दुखणं म्हणत नसे. उलट ज्याचा दुखत नाही त्याने माटोळीत अंग चोरलं, असंच सगळे धरून चालत.

"आणि घाम कसलो, बाबा?"

"कसलो म्हणजे? घाम तो घाम."

पण गौरवी आरोग्य केंद्रात नर्स होती. कृष्णनाथांनी डावा खांदा सोडून आता जबडा दाबायला सुरुवात केली, ते तिला मुळीच आवडलं नाही. हृदयाचा आलेख काढायचं केंद्रातलं छोटं यंत्र परवाच्या तपासणीनंतर तिच्याच पिशवीत राहिलं होतं. तिने सासूबाईंना, सुमंगलाबाईंना, हाक मारली. दोघींनी मिळून त्यांना मेजावरून उतरवलं, माटोळीखालीच चटईवर आडवं केलं, आणि गौरवीने छातीवर पट्ट्या चिकटवल्या, मनगटांना चिमटे लावले.

यंत्राला जोडलेल्या मोबाइलच्या पडद्यावर नुसती थरथर उमटली. कृष्णनाथ आडवे झाले होते खरे, पण नारळांची दोरी त्यांनी हातातून सोडलीच नव्हती.

"बाबा, ती दोरी सोडा. हात ताणलो तर मशिनीक काय कळणा नाय."

"सोडलंय तर नारळ पडतलो. माटोळीचा फळ मी भुंयेक लागूक देवचंय नाय."

गौरवीला राग आला आणि रडूही आलं. केंद्रात ती भल्याभल्यांना दटावी, पण सासऱ्यांची मूठ तिच्याच्याने उघडवेना.

सुमंगलाबाईंचे हात नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पिठाने माखलेले होते. त्या घरात नेवऱ्या बायकांच्या आणि माटोळी पुरुषांची. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माटोळीच्या दोरीला बोट लावलं नव्हतं. आता त्या वाकल्या, नवऱ्याची मूठ एकेक बोट करून उघडली आणि दोरी आपल्या पंजाला गुंडाळून घेतली.

"मी धरलंय. तुमी गप निजा."

हात सैल पडला. थरथर थांबली आणि यंत्राला दिसायचं ते दिसलं. जिथे रेघ सपाट असायला हवी तिथे ती चढणीला लागली होती. गौरवीने आलेख मोठ्या इस्पितळातल्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवला, आणि फोन खाली ठेवते तोच तो वाजला.

"सिस्टर, हा अटॅक आहे आणि आत्ता चालू आहे. ॲस्पिरिनची गोळी चावायला द्या. तुमच्या केंद्रात इंजेक्शन तयार ठेवायला सांगतो. एक पाऊलही चालू देऊ नका त्यांना."

तेवढ्यात दाराशी पिकअपचा हॉर्न आणि मोरयाचा गजर. गौरवीचा नवरा परेश शेजाऱ्यांना घेऊन चित्रशाळेतून गणपती आणत होता. कृष्णनाथ गोळी चावत कोपरावर उठू लागले.

"माटोळी अर्धी आसा. देव अर्ध्या माटोळीखाली बसाचो नाय."

"देव सोप्यावर बसतलो आणि वाट बघतलो," सुमंगलाबाई म्हणाल्या. "त्येका घाई नाय. तुमका आसा."

मग गणपती खाली उतरला आणि त्याच पिकअपमध्ये, त्याच्याच गादीवर, कृष्णनाथांना उचलून निजवलं. गाडी वळताना गौरवीने मागे पाहिलं. सासूबाई पदर खोचून मेजावर चढत होत्या.

केंद्रात इंजेक्शन टोचलं. आलेखातली चढण बसू लागली, दुखणं उतरलं, चेहऱ्यावर रंग परतला. पुढे मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी सगळं तपासून गौरवीला सांगितलं, वेळेवर आणलंत, हृदयाला फारसा धक्का लागलेला नाही. तेव्हा ती व्हरांड्यात बसून पोटभर रडली. इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

घरचा गणपती पाच दिवसांचा. विसर्जनाच्या दिवशी दुपारी कृष्णनाथ घरी आले आणि संध्याकाळी मातीच्या घुमटांवर पडणाऱ्या थापांच्या तालावर देवाला निरोप देताना दारातल्या कदेलावर, आपल्या नेहमीच्या खुर्चीत, बसून मांडीवर ठेका धरत राहिले. "बोटां हालयली तर चलता मगो, डॉक्टरीणबाय?" त्यांनी सुनेला विचारलं. ती हसली.

तळीत विसर्जन करून परतल्यावर परेश मेजावर चढून माटोळी उतरवू लागला. कृष्णनाथांच्या सगळ्या सुरगाठी. शेपूट ओढलं की फळ अलगद तळहातावर. कवंडळं उतरली, आंबाडे उतरले, सुपारी उतरली. नारळ काही केल्या उतरेनात. परेशने ओढलं, नखं लावली, दातही लावून पाहिले.

"ही निरगाठ कोणी मारली?"

"मी," स्वयंपाकघराच्या दारातून सुमंगलाबाई म्हणाल्या. "सुटा नये म्हणान मारलंय."

परेशने गौरवीकडे सुरी मागितली. ती सुरी घेऊन आली, तर कृष्णनाथ कदेलावरून वर बघत होते. रिकाम्या चौकटीला ते दोनच नारळ लटकत होते.

"कापू नको रे," ते म्हणाले. "रवांदे थयच. फुडल्या चवथीक मी सोडवतलंय."