नव्या गवताला तीनदा पाणी

माळ्याने तपकिरी चट्ट्यातून चिमूटभर गवत ओढलं. ते तुटलं नाही, बुंध्यातून निसटून आलं, शिजलेल्या भाजीसारखं. त्याने वास घेतला आणि ते मिस्त्रींच्या मुलापुढे धरलं. "बुरशी आहे, साहेब. दोन महिन्यांचं कोवळं गवत. ह्याला रात्रभर ओलं कोण ठेवतंय?"

मुलाने बायकोकडे पाहिलं, बायकोने सासूकडे. पायरीवर बसलेल्या मिस्त्रींनी कोणाकडेच पाहिलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती बांधलेला माणूस. वय झालं, कामं सुटली. मुलाच्या घरात त्यांच्या वाट्याला आलेलं काम एवढंच, लॉनला पाणी घालायचं. ते त्यांनी नव्या स्लॅबला मारावं तसं मारलं. सकाळी, दुपारी, दिवे लागताना. चिखल होतोय, असं सुनेने एकदा हळूच बोलून बघितलं होतं. त्यावर, नव्या कामाचं पाणी तोडलं की तडा जातो, असं तिला ऐकून घ्यावं लागलं होतं.

म्हातारीला सगळं उमगलं. आता नवऱ्याच्या हातातला पाइप जाणार. मग हा माणूस पुन्हा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहणार, आणि ती त्याच्याकडे. असे दिवस तिने काढले होते. आणखी काढायची तिच्यात ताकद नव्हती.

"मी घालते," ती म्हणाली. "संध्याकाळचं. हे सकाळी घालतात ते मला कमी वाटलं."

भाजीत मीठ जास्त झालं तर खाणाऱ्याच्या जिभेला नाव ठेवणारी ही बाई. सुनेच्या भुवया वर गेल्या त्या खाली यायला वेळ लागला. मुलगा मात्र डाफरला. घरात बाबांसारखं कळणारं माणूस असताना विचारता येत नाही का, म्हणाला. माळ्याने मध्ये पडून काय ते सांगितलं. पाणी फक्त सकाळी, तेही दोन दिवसांआड. खत बंद. सडलेले चट्टे कडेचं वीतभर चांगलं गवत धरून कापून काढायचे, औषध मारायला तो रविवारी येईल. मुलाने आईला बजावलं की आजपासून पाइपला हात लावायचा नाही, पाणी बाबाच घालतील. तिने मान खाली घातली. मनात म्हणाली, सुटले बाई.

संध्याकाळी मिस्त्री नेहमीच्या वेळेला उठले. तीही गुडघे सावरत उठली आणि नळासमोर जाऊन उभी राहिली. ते नळाकडे आलेच नाहीत. जिन्याखालून त्यांनी आपली जुनी हत्यारांची पिशवी ओढली, थापी काढली, खुंट्या आणि दोरीची गुंडी काढली.

"अहो, कापायचं ते माळी बघेल की रविवारी."

"माळ्याने औषध मारावं." ते दोरीची गाठ सोडवत होते. "एकदा एका घराची भिंत माझ्या हातून वाकडी गेली. मालकाला कळायच्या आधी मीच जाऊन सांगितलं. पाडलीही मीच, उभारलीही मीच. बिघडलेलं कामही ज्याचं त्याचं असतं. तू कोण ते आपल्या नावावर घेणारी?"

तिच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. त्यातलं एकही त्यांना झेपलं नसतं. मुलाने तुमच्या हातातला पाइप काढून घेतला असता, एवढंच ती पुटपुटली. घेईल तर घेऊ दे, ते म्हणाले. कामावरून आला की मीच सांगतो त्याला.

ते चट्ट्यापाशी खाली बसले. गोल चट्ट्याभोवती त्यांना चौकोन आखायचा होता, कड सरळ हवी म्हणून. पण खुंटी मातीत सरळ जाईना. हात इतका थरथरत होता की दोनदा ती कलंडली.

"ये इकडे," ते वर न बघता म्हणाले. "हे टोक धर. ओढून धर."

ती ओल्या गवतात मांडी घालून बसली. त्यांच्या बाजूने दोरी थरथरत होती. तिने आपलं टोक दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा ती सरळ झाली.