ब्रेकमधली हवा

"दाब."

तिनं ब्रेकचं पेडल दाबलं.

"धर."

तिनं धरून ठेवलं. गाडीखाली पाना फिरला, नळीतून थोडं ब्रेक ऑइल बाटलीत गेलं आणि तिच्या पायाखालचं पेडल हळूहळू जाऊन तळाला टेकलं.

"सोड."

दुपारी तीनपासून हेच चाललं होतं. आता सहा वाजत आले होते आणि तिच्या पोटरीत गोळा आला होता. पुढच्या चाकांचे ब्रेक नवऱ्यानं कालच बदलले होते. शर्यतीतून बाद झालेल्या एका गाडीचे मोठे कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती दाबून धरणारे चिमटे, त्यानं स्वतः उतरवून आणले, घासूनपुसून लख्ख केले आणि हिच्या गाडीला बसवले. काम देखणं झालं होतं, फक्त ब्रेक लागत नव्हता. नळ्यांमध्ये हवा अडकली होती आणि ती काही केल्या बाहेर पडायला तयार नव्हती.

गाडी तिची होती. रोज शाळेत गणित शिकवायला ती हीच घेऊन जायची आणि महिन्यातून एका रविवारी, चाकं बदलून, हीच ट्रॅकवर पळवायची. नवऱ्यानं ती कधी फाटकाबाहेर नेली नव्हती. त्याला वेगाची भीती वाटते हे तो सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं राज्य गाडीच्या खाली. तिथं तो कुणाला फिरकू द्यायचा नाही, आणि गॅरेजवाल्यांवर तर त्याचा काडीचा भरवसा नव्हता.

"अरे, एक विचारू?" ती म्हणाली.

"आत्ता नको. दाब."

हे तिनं तिसऱ्यांदा विचारलं होतं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भांडताय की कवायत करताय?"

"आई, तू आत जा बरं," गाडीखालून आवाज आला.

त्या गेल्या नाहीत.

आणखी दहा-बारा वेळा दाब-धर-सोड झाल्यावर तो सरपटत बाहेर आला. कोपरापर्यंत काळा झाला होता. पाना त्यानं जमिनीवर जरा जोरातच ठेवला.

"एवढं पुरे. उद्या ट्रॅकवर दोन चकरा मारल्यास की आपोआप घट्ट होतील."

"सरळ रस्ता संपतो तिथं मी एकशे नव्वदला असते. पहिली चक्कर कशी मारू?"

"हळू मार पहिली."

"आणि सकाळी तपासणीत? ते पेडल दाबून बघतात."

"त्याच्या आधी भराभर चार-पाचदा दाबून ठेव. मग तेवढ्यापुरतं कडक लागतं, त्यांना कळत नाही."

तिला संताप आला.

"त्यांना कळणार नाही," ती म्हणाली. "पण वळणावर मी असणार आहे, ते नाही."

तो हात पुसत राहिला. फडकं हातापेक्षा काळं होतं.

ती लंगडत खाली उतरली आणि काढलेल्या चाकाच्या जागी जाऊन उकिडवी बसली. दर ट्रॅकनंतर चाकांवरची ब्रेकची काळी भुकटी तीच जुन्या टूथब्रशनं साफ करायची. त्यामुळं तिथं काय कुठं असतं ते तिला पाठ होतं.

"मी मघापासून हेच विचारत होते," ती म्हणाली. "हवा सोडायचा हा स्क्रू खाली का आहे? जुन्याचा वर होता."

"हे वेगळ्या गाडीचे आहेत."

"असतील. पण हवा वरच जाते ना? मग ती खालून कशी निघेल?"

तो वाकला. आधी इकडचं बघितलं, मग पलीकडं जाऊन तिकडचं. पलीकडून परत यायला त्यानं वेळ लावला.

दोन्ही कॅलिपरवर त्यानंच खडूनं लिहिलं होतं, डावा आणि उजवा. लिहिलं तेव्हा ती बाद गाडी त्याच्याकडं तोंड करून उभी होती आणि हा समोर उभा होता. त्याच्या हाताला जो डावा, तो त्या गाडीचा उजवा. इथं गॅरेजात गाडीचं तोंड भिंतीकडं होतं, हा मागून आत शिरला होता आणि लिहिल्याबरहुकूम बसवून मोकळा झाला होता. आत बसणाऱ्याचा हा घोटाळा कधी होत नाही.

"उलटे बसवलेत मी," तो म्हणाला.

सासूबाई आता आत गेल्या.

ती "बघ, मी म्हणत होते" असं काही म्हणाली नाही. तेवढं त्राणच उरलं नव्हतं. दोघांनी मिळून नळ्या सोडल्या, कॅलिपर अदलाबदल केले, पुन्हा आवळले. त्यात तासभर गेला. मग तो सवयीनं गाडीखाली शिरायला लागला.

"तू वर बस," ती म्हणाली. "खाली मी."

"तुला जमणार नाही."

"बस."

तो बसला. सीट तिच्या मापानं बनवलेली होती. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"दाब," खालून ती म्हणाली. "धर."

बाटलीत बुडबुडे आले. पुढच्या खेपेला आणखी आले. मग कमी होत गेले, मग नुसतं स्वच्छ ऑइल आलं. तिनं दोन्ही बाजूचे स्क्रू आवळले.

"आता एकदा जोरात दाबून बघ."

त्यानं दाबलं. पेडल थोडंसं खाली गेलं आणि दगडासारखं थांबलं.

"कसं आहे?"

त्याचा पाय पेडलवरून हलला नाही.

"अरे, लागतंय ना? सोड आता, झालं."

"थांब जरा," तो म्हणाला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, समोरची भिंत धावून येत असल्यासारखं तिकडं बघत, त्यानं ब्रेक सगळ्या ताकदीनिशी दाबून धरला होता.