चौकटींचा रंग

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मुलीच्या रक्तात शिसं सापडल्याचं सांगितलं. थोडंथोडकं नव्हे, औषध सुरू करावं लागेल इतकं.

आई हादरली, पण तिला आश्चर्य वाटलं नाही. ही तपासणी तिनंच हट्टानं करून घेतली होती. चार वर्षांची मुलगी एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलेलं. तीच भिंगरी गेले काही महिने पोट धरून कोपऱ्यात बसत होती. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. जंत असतील, असं सगळे म्हणाले. आईचं म्हणणं एकच होतं : घरातच काहीतरी आहे.

मुलीचं पोट दुखायला लागायच्या कितीतरी आधीपासून, दोन वर्षं ती ते काहीतरी शोधत होती. प्लॅस्टिकचे डबे गेले. ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा गेला. फरशी पुसायचं सुगंधी औषध गेलं, डास मारायची कॉइल गेली. दुकानात प्रत्येक बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत ती उभी राहायची; दुकानदार तिला इन्स्पेक्टरबाई म्हणायचा. नवरा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचा. "आता घरात केमिकल म्हणून मीच उरलोय," तो म्हणायचा. "मला कधी फेकतेस तेवढं आधी सांग."

मग तिची नजर चौकटींवर गेली. घर भाड्याचं आणि जुनं. दारं-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, हे तिनं कुठंतरी वाचलं आणि तिची झोप उडाली. नवऱ्यानं तिच्यापुढं हात टेकले. त्यानं कारखान्यातून रंग घासायचं मशीन आणलं. सुट्टी आली की मशीन सुरू व्हायचं. पांढऱ्याखालून निळा निघाला, निळ्याखालून हिरवा, आणि हिरव्याखालून शेवटी लाकूड. सगळ्या खिडक्या झाल्या. बाहेरचं दार झालं. आतल्या खोलीचं तेवढं राहिलं होतं.

डॉक्टर पुढच्या तपासण्या लिहीत होते, तेवढ्यात ती फोन घेऊन व्हरांड्यात आली. नवरा दुपारच्या पाळीला जाणार होता, म्हणून अजून घरीच होता.

"मी म्हणत होते ना? शिसंच निघालं."

तो म्हणाला, "तुझंच खरं होतं गं. मी आपली थट्टाच करत बसलो."

"ते जाऊ द्या. राहिलेलं दार आजच उरका. मी येईन तेव्हा त्या रंगाचा ठिपका दिसता कामा नये."

"आत्ता लावतो मशीन. कारखान्यात उशिरा गेलो तरी चालेल."

ती आत येऊन बसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला नेमकं काय ते कळलं होतं. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, "कुठून आलंय ते ठाऊक आहे मला. चौकटींच्या रंगातून. पण आम्ही तो काढलाय. आजचा दिवस गेला की घर साफ."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"रंगाचे पोपडे सुटले होते का?"

"छे हो. चांगला घट्ट होता. मशीनला घासकागदावर घासकागद लागले."

"म्हणजे मशीननं घासला. पाणी मारून?"

"नाही. कोरडाच."

"आणि ही कुठे असायची तेव्हा?"

आईनं मुलीकडे पाहिलं. "तिथेच. बाबांना मदत करायची. खाली भुकटी पडायची, तिचे ढीग करायची."

"आणि मग फुंकर मारायचे मी," भिंगरी म्हणाली. "धुकं व्हायचं. मस्त!"

डॉक्टर हसले नाहीत. "पोट कधीपासून दुखतंय?"

"पहिल्या खिडकीचं काम झालं त्याच्या–"

आई तिथेच थांबली.

"लाकडाला घट्ट चिकटून होता तोवर तो रंग बहुतेक कुणाच्या पोटात जात नव्हता," डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले. "आता त्याची पूड घरभर असणार. कपड्यांवर, अंथरुणावर, खेळण्यांवर. घासणं ताबडतोब थांबवा. घरात आणखी कुणी लहान आहे?"

"मुलगा आहे. आठ महिन्यांचा." बोलता बोलता तिनं नंबर लावलाही होता.

नवऱ्याचा फोन वाजून वाजून बंद झाला. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग तिनं घरी बाळाजवळ असलेल्या सासूबाईंना लावला. तो लगेच उचलला गेला. त्यांच्या आवाजामागे मशीन घरघरत होतं.

"अगं, मोठ्यानं बोल! इथं काही ऐकू येत नाहीये."

"आई, त्यांना थांबवा! मशीन बंद करायला सांगा आधी!" तपासणीच्या खोलीबाहेर बसलेली माणसं वळून पाहू लागली. "बाळ कुठे आहे?"

"कोण? बाळ होय? त्याची काळजी नको करू गं," सासूबाई ओरडून सांगत होत्या. "पाळणा त्या दारापाशीच ओढून घेतलाय. हल्ली या घरघरीशिवाय झोपच लागत नाही त्याला."