पडताना आवाज

"पहिला महिना आम्ही फक्त पडायला शिकवतो," ज्युदोच्या मॅडम म्हणाल्या आणि मला हायसं वाटलं. हा तिसरा क्लास. पहिल्या कराटेवाल्या सरांनी माझ्यादेखत एका मुलाच्या पाठीत धपाटा घातला होता. दुसऱ्यांनी नुसती मेडलं दाखवली. मेडलं घेऊन काय करायचंय? माझी आठ वर्षांची रेणू धीट व्हायला हवी, बस्स.

मॅडमनी तिला गादीवर उभं केलं. "मागे पड बघू. घाबरू नकोस."

रेणू पडली. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, डोकं अलगद वर उचललेलं.

"अरे वा! आधी कुठे शिकलीस गं?"

रेणू नुसतीच लाजली.

"फक्त एक राहिलं. पडताना दोन्ही हात गादीवर जोरात आपटायचे. मोठ्ठा आवाज झाला पाहिजे. आवाज झाला की मार कमी लागतो."

रेणू पुन्हा पडली. काहीच आवाज नाही. तिसऱ्यांदाही नाही.

"अगं, हात आपट की! आवाज कर!"

"आवाज नाही करायचा," रेणू त्यांनाच समजावत म्हणाली. "शेजारी ऐकतात. आई पडते ना, तेव्हा मुळीच आवाज करत नाही."

मॅडम सावकाश माझ्याकडे वळल्या.

'शेजारी ऐकतात' हे वाक्य माझं होतं. रेणूला मी ते कधीच शिकवलं नव्हतं. मी ते फक्त तिच्या बाबांना म्हणायचे, हात जोडून, दार लावून घेतल्यावर.